ज्या जागी जो धातू

कोल्हापूरच्या ओतकामाचा वृत्तांत लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ एखाद्या धनिकाच्या योजनेत शोधून भागणार नाही. तो शोधावा लागेल उसाच्या मळ्यांत, आणि पंचगंगेच्या काठी पाणी उपसण्यासाठी बसविलेल्या तेल-इंजिनांच्या दुरुस्तीत. शाहू छत्रपतींनी १९०६ साली कापडाची गिरणी स्थापिली, राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले, आणि करवीर संस्थानच्या प्रजेला यंत्र व पाणी या दोहोंचे महत्त्व पटवून दिले, हे तर खरेच; परंतु भर उन्हाळ्यात इंजिनाचे हेड तडकले आणि नवे हेड परगावाहून येईपर्यंत ऊस वाळू लागला, म्हणजे शेतकऱ्याला जवळच्या मेस्त्रीखेरीज दुसरा आधार नसे, आणि त्या मेस्त्रीने तडकलेल्या भागावरूनच लाकडी पॅटर्न घडवून, वाळूचा साचा बांधून, तसाच भाग आपल्या भट्टीत ओतून द्यावयास सुरुवात केली, त्यातून हा उद्योग उभा राहिला. शालेय शिक्षणाचा फारसा लाभ न झालेल्या म्हादबा मेस्त्रींचे नाव कोल्हापुरात आजही आदराने घेतले जाते, ते याच परंपरेमुळे. शिवाजी उद्यमनगरातील लहान शेडांची वाढ पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींपर्यंत झाली, आणि आज तीनशेच्या आसपास फाउंड्र्या असलेल्या या परिसरातून सिलिंडर ब्लॉक, हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम, पंपांचे भाग असा माल देशभर व परदेशीही रवाना होतो. हा व्यवहार मुख्यत्वे बिडाचा.

इंजिन मात्र आता पूर्वीचे राहिलेले नाही. धुराविषयीचे नियम एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या रूपाने अधिक कडक झाले, लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम घेण्याची प्रथा रूढ झाली, बाहेर पडणाऱ्या धुराच्याच बळावर फिरणारा टर्बोचार्जर जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडीत आला, आणि जड वाहनांच्या सिलिंडरातील दाब दोनशे बारच्या घरात जाऊन पोहोचला. अशा इंजिनात बीड, ॲल्युमिनियम आणि साधे पोलाद यांचा अंमल कोठवर चालावा आणि निकेलचे सुपरअलॉय किंवा तंतुमिश्रित धातू यांना कोठे जागा द्यावी, या प्रश्नावर शिरोलीच्या एका फाउंड्रीच्या कचेरीत मामा-भाच्यांमध्ये झालेला वाद मी समक्ष ऐकला. मामांची हयात भट्टीपुढे गेली. भाचा धातुशास्त्र शिकून हैदराबादेस नोकरीस आहे. दोघांचेही म्हणणे मला मोलाचे वाटले, म्हणून त्यांच्या अनुमतीने ते येथे देतो. बोलण्यातील भाषा तेवढी ग्रांथिक केली आहे.

भाचा : मामा, हे टर्बोचे चक्र हातात घेऊन पाहा. मुठीत मावेल एवढे आहे. पण सातशे अंशांहून तप्त असा डिझेलचा धूर याच्या पात्यांवर आदळतो आणि त्या धुरातच हे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. आपले बीड सहाशे अंशांच्या पुढे गेले की फुगू लागते, पापुद्रे धरते. पोलाद त्या उष्णतेत वितळत नाही, परंतु ताणाखाली हळूहळू लांबत जाते, आणि पाते केसभर लांबले तरी भोवतालच्या घराला घासून चक्राचे तुकडे होतात. म्हणून हे चक्र बहुधा इनकोनेल ७१३ या मिश्रधातूचे करतात. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश निकेल, बारा-तेरा टक्के क्रोमियम, सहा टक्के ॲल्युमिनियम, शिवाय मॉलिब्डेनम, नायोबियम आणि टायटॅनियम यांचा अंश असतो. वजनाने मूठभर असलेल्या या मालाची किंमत आपल्या किती किलो बिडाएवढी होते, याचा हिशेब तुम्हीच करा, आणि मग हे काम कोल्हापुरात का होऊ नये ते मला सांगा.

मामांनी उत्तर देण्यापूर्वी टेबलाच्या खणातून लोहचुंबक काढला. तो त्यांनी चक्राच्या पात्यांना लावला, तेव्हा तो निसटून खाली पडला. तोच चक्राला जोडलेल्या दांड्याला लावला, तेव्हा घट्ट चिकटला. मग शेजारी पडलेला धूर सोडणारा एक जुना व्हॉल्व्ह त्यांनी उचलला, आणि त्याच्या बाबतीतही तोच अनुभव आला: खालचा पसरट माथा चुंबकाला दाद देईना, वरची काडी मात्र चटकन ओढली गेली. माथा आणि काडी यांच्या मधोमध जोडाची पुसटशी रेघ होती. ती मामांनी नखाने दाखविली.

मामा : बाळ, ज्याने हे चक्र केले तो तुझ्याइतकाच शिकलेला असणार, आणि तरीही त्याने दांडा निकेलचा केला नाही, साधा पोलादी ठेवला. या व्हॉल्व्हचा माथा आगीत असतो, म्हणून तिथे क्रोमियम-मँगनीजचे ते चुंबकाला न धरणारे पोलाद वापरले. काडीला आग लागत नाही, तिला नुसते घर्षण सोसायचे, म्हणून ती कठीण होणाऱ्या स्वस्त पोलादाची केली आणि दोन्ही तुकडे गरगर फिरवून, एकमेकांवर दाबून जोडले. माझे म्हणणे एवढेच आहे. जिथे विस्तव आहे तिथेच पैसा घालावा. तुम्ही लोक उत्तम धातू सापडला की तो सर्वत्र घालायला निघता.

भाचा : सर्वत्र घालावा असे कोण म्हणतो? परंतु जिथे विस्तव आहे ती जागाच दिवसेंदिवस वाढते आहे. आणि या धातूचा गुण तुम्ही ध्यानात घ्यावा अशी माझी विनंती आहे. निकेल आणि ॲल्युमिनियम मिळून त्याच्या अंतरंगात अत्यंत सूक्ष्म, नियमबद्ध रचनेचे कण तयार होतात. इतर धातू तापले की मऊ पडत जातात; या कणांचे बळ मात्र उष्णतेबरोबर सुमारे सातशे-आठशे अंशांपर्यंत वाढत जाते. फ्रँक व्हिटल यांचे जेट इंजिन एप्रिल १९३७ मध्ये इंग्लंडात प्रथम फिरले आणि मे १९४१ मध्ये विमानात बसून उडाले. त्या काळात पात्यांचे पोलाद दगा देत होते, आणि त्या निकडीतूनच निमोनिक हा निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू जन्मास आला. आज विमानाच्या टर्बाइनमधील वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तप्त असतो, आणि पात्याच्या पोटातून हवा खेळवून ते थंड राखले जाते. हे सर्व बिडाने होणार नव्हते.

मामा : मान्य आहे. आता तू माझे ऐक. सिलिंडर हेडचे काम काय? आत ज्वाला आणि बाहेर पाणी. मधल्या धातूने ती उष्णता तत्काळ पाण्याच्या स्वाधीन करायची. बिडाच्या पोटात कार्बनच्या पाकळ्या असतात, त्यांतून उष्णता वाहते, आणि इंजिनाची थरथरही त्याच पाकळ्या जिरवितात. तुझे निकेल उष्णता धरून ठेवते. त्याची वाहकता बिडाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी. मी त्याचे हेड ओतले तर व्हॉल्व्हच्या दोन भोकांमधला अरुंद पूल तापून तापून फुटेल, आणि तो फुटला की कोणाचे नाव बद्दू होईल? धातू श्रेष्ठ असून काय उपयोग, तो त्या जागेचा नसला तर?

मला स्वतःला हा युक्तिवाद सर्व वादात अधिक सबळ वाटला, आणि तो पुस्तकातून आलेला नव्हता, तर फुटलेली हेडे दुरुस्तीस येताना पाहून आलेला होता, म्हणून त्याची किंमत अधिक. भाच्याने त्यावर वाद घातला नाही. मामांनी मात्र ती संधी साधून दराचा प्रश्न काढला. ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या धातुबाजारात निकेलचा दर टनाला एक लाख डॉलरच्याही वर गेला आणि बाजाराला व्यवहार स्थगित करावे लागले, त्या दिवसाची आठवण त्यांनी दिली. आपला देश निकेलसाठी जवळजवळ सर्वस्वी परदेशावर अवलंबून आहे, आणि ज्या कच्च्या मालाचा भाव एका दिवसात असा उसळतो त्यावर कोल्हापूरच्या लहान कारखानदाराने आपले भांडवल गुंतवावे कसे, असा त्यांचा सवाल होता.

भाचा : किमतीचे भय खरे आहे, मामा, पण त्याहून मोठे भय विजेवर चालणाऱ्या गाडीचे आहे. तिला ब्लॉक नको, हेड नको, फ्लायव्हील नको. ट्रॅक्टर, पंप आणि अवजड ट्रक यांची इंजिने पुष्कळ वर्षे राहतील हे मला ठाऊक आहे. पण जी राहतील ती अधिक तापणारी आणि अधिक दाबाची असतील. देशातही हे ज्ञान परके राहिलेले नाही. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने एकाच स्फटिकाची टर्बाइन-पाती तयार करून त्यांतली साठ पाती २०२१ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सला हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी दिली. अशी पाती करणारे देश जगात मोजकेच आहेत.

मामा : त्या मुलांचे मला कौतुक आहे, हे मनापासून सांगतो. पण त्यांच्या पाठीशी सरकारचा खजिना होता. माझ्या पाठीशी बँकेचे कर्ज आहे. त्यांनी त्या साठांसाठी किती पाती मोडून टाकली असतील, ती कोणाच्या खात्यावर पडली? माझ्याकडे शंभरांतली पाच ओतकामे रिजेक्शनला गेली तर महिन्याचा नफा त्यात जातो.

येथे थोडे विषयांतर करून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ही पाती आणि ही टर्बोचक्रे ज्या रीतीने ओततात ती रीत या भूमीला नवी नाही. मेणाचा नमुना करावयाचा, त्यावर मातीचे लेप चढवावयाचे, तापवून मेण काढून टाकावयाचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा, हा विधी कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सविस्तर वर्णिला आहे, आणि त्या काळी कोल्हापुरावर राज्य करणारे शिलाहार त्याच चालुक्यांचे मांडलिक होते. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली रोमन सागरदेवतेची कांस्यमूर्ती ठेवलेली आहे. समुद्रापारच्या ओतकामाचा उत्कृष्ट नमुना या गावी किती प्राचीन काळी येऊन पोहोचला होता, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने ती अवश्य पाहावी. रीत पुरातन आहे; बदलले आहे ते एवढेच की निकेलच्या रसातील ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम हवेचा स्पर्श होताच जळून राख होतात, म्हणून तो वितळविणे आणि ओतणे ही दोन्ही कामे निर्वात पेटीत करावी लागतात.

भाच्याने हाच मुद्दा पुढे नेला.

भाचा : इनकोनेलचे घटक गुप्त नाहीत, मामा. कोणत्याही हँडबुकात ते छापलेले आहेत. गुप्त आहे ती कृती : रस किती अंशांवर ओतायचा, साचा किती तापवायचा, कोणत्या टोकाकडून थिजू द्यायचे. म्हणजे तुमच्याच हातातली विद्या.

मामा : माझी विद्या डोळ्यांत आहे. रसाची धार लाडलमधून पडताना तिचा रंग पाहून मी सांगतो. पाचरीसारखा लहान तुकडा ओततो, थंड करून हातोड्याने मोडतो, आणि टोकाला पांढरा भाग किती आला त्यावरून आजचा रस ब्लॉकला चालेल की नाही ते ठरवितो. स्पेक्ट्रोमीटर आहेच, तरी ती पाचर मी मोडतोच.

भाचा : करड्या बिडाला ती पाचर पुरते. पण आता जड इंजिनांच्या ब्लॉकसाठी जे बीड मागतात, ज्यात कार्बन पाकळ्यांसारखा नसून आखूड, जाड अळ्यांसारखा असतो, त्याचे बळ करड्या बिडाच्या पाऊणपटीने अधिक, आणि ताठपणा तिसऱ्या हिश्शाहून अधिक. ते साधते रसात घातलेल्या किंचित मॅग्नेशियमने. मॅग्नेशियम थोडे जास्त झाले की कार्बनचे गोळे होतात आणि उष्णता वाहत नाही. टक्क्याच्या हजाराव्या भागाने कमी झाले तरी एकदम पाकळ्या पडतात आणि बळ जाते. आणि ते मॅग्नेशियम रसातून क्षणोक्षणी उडून जात असते. लाडल घेऊन माणूस दोन मिनिटे उशिरा पोहोचला तर पहिला साचा उत्तम आणि शेवटचा बाद. रंगावरून हे दोन्ही रस सारखेच दिसतात.

मामा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मॅग्नेशियमच्या उडण्याविषयी, साचे ओतण्याच्या क्रमाविषयी, लाडलच्या आकाराविषयी असे एकामागून एक प्रश्न विचारले की, कचेरीतील दोन्ही कारकून आपले काम ठेवून ऐकू लागले. बिडाच्याच घरात एवढे अपरिचित दालन आहे ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली असावी, असे मला वाटले.

तंतुमिश्रित धातूंविषयी मात्र ते तितके अनुकूल नव्हते. टोयोटाने १९८० च्या दशकाच्या आरंभी डिझेल पिस्टनच्या रिंगच्या खाचेत मातीच्या जातीचे तंतू घालून ॲल्युमिनियमला बळकटी आणली, पुढे होंडाने सिलिंडरच्या आतील भिंतीत ॲल्युमिना आणि कार्बन यांचे तंतू ओवून बिडाचे लायनर काढून टाकले, हे भाच्याने सांगितले. मामांचे आक्षेप दोन होते, आणि दोन्ही व्यवहाराचे. असा धातू कातण्यास हिऱ्याच्या टोकाची हत्यारे लागतात, उद्यमनगरातील कार्बाइडची टिप त्यावर लगेच बोथट होते; आणि बाद झालेला माल पुन्हा भट्टीत टाकता येत नाही, कारण तंतू आणि धातू एकदा एकजीव झाले की ते सहजासहजी वेगळे निघत नाहीत. ज्या गावाचा उद्योग भंगारावर उभा आहे, ज्याच्या भट्टीत जुने ब्लॉक आणि पत्र्याची कात्रणे वितळून नवे ब्लॉक होतात, त्या गावाने हा दुसरा आक्षेप हलका मानू नये, असे माझेही मत आहे.

परंतु दोन पदार्थांना एकत्र बांधून प्रत्येकाकडून त्याचे त्याचे काम घेण्याची कला कोल्हापुरास परकी आहे असे कोणी समजू नये. गोकुळ शिरगावी मेनन बेअरिंग्जच्या कारखान्यात इंजिनाची बायमेटल बेअरिंगे होतात : पोलादी पट्टीवर तांबे-शिशाच्या जातीच्या मऊ मिश्रधातूची भुकटी पसरून ती भट्टीत धरवितात आणि रुळांखाली दाबतात, म्हणजे भार पोलादाने उचलावा आणि फिरत्या दांड्याचा स्पर्श मऊ थराने सोसावा. लोहाराने गाडीच्या लाकडी चाकावर धाव चढवावी, त्यातलेच हे तत्त्व. शिरोलीच्या मेनन पिस्टन्समध्ये ॲल्युमिनियमचे पिस्टन ओततात; आणि जड डिझेलच्या पिस्टनची रीत तर सुपरअलॉयच्या साधकाने प्रथम शिकावी अशीच आहे. पिस्टनची पहिली रिंग ज्या खाचेत बसते ती खाच नुसत्या ॲल्युमिनियमची ठेवली, तर उष्णतेने मऊ पडून रिंगच्या आघाताने रुंदावते. म्हणून त्या जागी निकेलयुक्त बिडाचे एक कडे पिस्टनमध्ये ओतून बसवितात. त्यात सुमारे पंधरा टक्के निकेल असते, आणि ते अशासाठी की साधे बीड ॲल्युमिनियमच्या निम्म्यानेच प्रसरण पावते, तर हे बीड जवळजवळ त्याच्या बरोबरीने. पण कडे नुसते साच्यात ठेवून रस ओतला तर दोहोंचा जोड होत नाही. मध्ये फट राहते. म्हणून कडे आधी वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या कुंडात काही मिनिटे बुडवून ठेवतात. त्या अवधीत त्याच्या पृष्ठभागावर लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या संयोगाचा, मिलिमीटरच्या काही शतांशांइतका पातळ थर धरतो. कमी वेळ ठेवले तर थर धरत नाही. अधिक ठेवले तर तो जाड होतो, आणि जाड थर काचेसारखा ठिसूळ असतो. मग ते कडे चिमट्याने उचलून साच्यात ठेवणे आणि पिस्टनचा रस ओतणे यांत विलंब होता कामा नये, नाहीतर कड्यावरच्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची साय धरते आणि सारे श्रम वाया जातात. तयार पिस्टन पाण्यात बुडवून त्यातून अतिध्वनीच्या लहरी सोडतात, तेव्हाच जोड सर्व बाजूंनी धरला की नाही ते कळते.

मामा : हे काम मला मानवते. यात निकेल आहे, पण जिथे हवे तिथेच आहे.

भाचा : आणि यात घड्याळही आहे. प्रत्येक कडे किती वेळ बुडाले, कुंडाचे तापमान किती होते, चिमटा उचलल्यापासून रस पडेपर्यंत किती सेकंद गेले, हे लिहून ठेवावे लागते. इनकोनेलला आणि त्या नव्या बिडाला नेमके हेच लागते, मामा. गिऱ्हाईक नुसते चक्र घेत नाही. कोणत्या हीटमधले, कोणत्या पिंडापासूनचे, कोणी तपासलेले, याचा दस्तऐवज मागते. आपल्याकडचा कुशल मेस्त्री निवृत्त झाला की त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. ते कागदावर आले असते तर आज तुम्हाला माझ्याशी वादच घालावा लागला नसता.

मामांनी यावर प्रतिवाद केला नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न मला त्या सबंध वादाचा मर्मबिंदू वाटतो. नवे काम शिकण्याच्या काळात जो माल बाद होईल तो एकट्या लहान कारखानदाराने का सोसावा, आणि निर्वात भट्टी, अतिध्वनीची टाकी, क्ष-किरण तपासणी हे सारे एकेकट्याने घेणे शक्य नसेल तर पाच-पंचवीस जणांनी ते एकत्र का घेऊ नये? भाचा म्हणाला की तेच करावयास हवे. मामा म्हणाले की, शेजारचा कारखानदार आपला बाद तुकडा दुसऱ्याच्या नजरेस पडू देत नाही, मीही देत नाही. कारण तीच बातमी फिरत फिरत गिऱ्हाइकाच्या कानावर जाते आणि दर पडतो. हा अविश्वास खरा आहे, आणि त्यावर उपदेशाने इलाज होणार नाही. तरी ज्या जिल्ह्यात हजारो शेतकरी आपला ऊस एका सामायिक काट्यावर वजन करून देतात, आपले दूध गावच्या संस्थेत घालून त्याची फॅट सर्वांसमक्ष तपासून घेतात, त्या जिल्ह्यातील ओतकाम करणाऱ्यांना सामायिक तपासणीघर चालविता येऊ नये, हे मला पटत नाही. काट्यावर कोणाचा ऊस किती हलका भरला हे सर्वांना दिसते. म्हणून ऊस घालणे कोणी बंद केलेले नाही.

शेवटी मामांनी टर्बोचे चक्र भाच्याकडे परत दिले आणि स्पष्ट सांगितले की, हे काम माझ्या हातून होणार नाही, ते ज्याला करावयाचे असेल त्याने माझ्या शेडमध्ये न करता नवी जागा घेऊन करावे. मात्र अळ्यांसारख्या कार्बनच्या त्या बिडात एक हेड ओतून पाहण्यास ते राजी झाले. पॅटर्न त्यांचा, मॅग्नेशियमचे मोजमाप भाच्याचे, आणि लाडल भट्टीपासून शेवटच्या साच्यापर्यंत नेण्यास किती वेळ लागतो ते दुसऱ्याच दिवशी घड्याळ लावून पाहावयाचे ठरले. भाचा एवढ्यावर संतुष्ट नव्हता. इनकोनेलची गोष्ट दहा वर्षे पुढे ढकलली तर तोवर ती दुसऱ्या एखाद्या गावाने केलेली असेल, असे तो जाता जाता म्हणाला, आणि मामांनी ते खोडून काढले नाही.